खाचेच्या टोकाचा निळा रंग

जोर टप्प्याटप्प्यानेच लावावा, हा सृष्टीचा नियम आहे. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मी हे वाक्य माइकवर म्हटलं तेव्हा प्रमुख पाहुण्यांनी डोळे मिटून मान डोलावली. नुकताच त्यांनी मला फेटा बांधला होता, आणि मी अध्यात्मावर बोलतो आहे अशी त्यांची समजूत झाली होती. मी ॲक्सिलरेटरच्या सळ्यांबद्दल बोलत होतो. मंचावरून उतरलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, चला लवकर. आणखी दोन मिनिटं थांबलात तर पाया पडायला रांग लागेल."

गाडी तिची. म्हणजे तिच्या वडिलांची. विलायती, सहा सिलिंडरची, एका ओळीत तीन कार्बोरेटर, पेडल दाबाल तसे उघडून इंजिनाला पेट्रोल पाजणारे. बायको गाडी चालवायला शिकली कात्रजच्या जुन्या घाटात, आणि दर रविवारी सकाळी एकटी बोगद्यापर्यंत जाऊन यायची. मी शेजारी बसू का विचारलं की म्हणायची, "बसा की. तोंड घरी ठेवून या." ही अट मला पाळता येण्यासारखी नव्हती. माझा उभा जन्म खडकीला कारखान्याच्या टूलरूममध्ये मोजमापं घेण्यात गेला. गाडी चालवायची तिने आणि दुरुस्त करायची मी, अशी वाटणी होती.

मग तिला आजार झाला. औषधांनी आजार गेला नाही, उजव्या घोट्यातला जोर गेला. ब्रेक मांडीच्या रेट्याने दाबता येतो. ॲक्सिलरेटर घोट्याने धरून ठेवावा लागतो, आणि तीन कार्बोरेटर म्हणजे पायाला उलट ढकलणाऱ्या तीन स्प्रिंगा. एका रविवारी ती स्वारगेटवरूनच परत आली. किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "तुमच्या गाडीला व्यायाम फार लागतो."

गाडी माझी आहे असं ती त्याआधी कधी म्हणाली नव्हती.

आजाराचं मला काही करता येत नव्हतं. स्प्रिंगांचं येत होतं. पेडल फक्त मधल्या कार्बोरेटरला जोडायचं. बाजूच्या दोघांच्या सळीला एक लांबट खाच ठेवायची. अर्ध्या पेडलपर्यंत मधल्याची पिन त्या खाचेत नुसती सरकत राहते, मग खाचेच्या टोकाला टेकते आणि तिथून पुढे बाजूच्या दोघांना ओढून घेते. म्हणजे निम्म्या वाटेपर्यंत पायाला एकच स्प्रिंग. सांगायला सोपं आहे. पण बाजूचे दोघे उशिरा निघून मधल्याबरोबर एकाच वेळी पूर्ण उघडले पाहिजेत, म्हणून त्यांना फिरवणारे दांडे आखूड हवेत. आणि पाय काढला की ते पूर्ण मिटले पाहिजेत, नाहीतर गाडी स्वतःच्या मनाने चालू लागते. मी दांडे तीनदा कापले. चौथ्यांदा जमलं. सहा आठवडे गेले.

ती सीटवर बसून पेडल दाबायची आणि मी बॉनेटखालून विचारायचो.

"आता?"

"जड."

"आता?"

"जडच. तुम्ही आत काय करताय, वाचताय का?"

शेवटच्या दिवशी मी विचारायच्या आधीच तिचा आवाज आला. "अहो, तुटलं वाटतं काहीतरी."

"तुटलं नाही. हलकं झालंय."

ती पेडल दाबत आणि सोडत राहिली. मी बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं नाही.

टूलरूमच्या सवयीने मी खाचेच्या टोकाला खुणेचा निळा रंग लावून ठेवला. पिन टेकली की रंग खरवडला जाणार. पण पहिल्याच रविवारी ती परत आली, मी विचारलं, "बाजूचे दोन उघडले का?" आणि ती म्हणाली, "उघडले की! वाघासारखी गेली." मग रंग कशाला बघायचा? मी चहा टाकला. तिच्या हातात अंजिरं होती.

"कुठली?"

"झाडाची."

तो हिवाळाभर दर रविवारी मी तोच प्रश्न विचारला, आणि दर रविवारी बाजूचे दोन उघडले. त्यातच तो मेळावा झाला आणि फेटा मिळाला. उन्हाळ्यात ती गेली. भेटायला आलेले म्हणाले, सुटली. कशातून, ते कुणी सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी बॅटरी पाहायला बॉनेट उघडलं. निळा रंग जसाच्या तसा होता. पिन तिथपर्यंत एकदाही पोचली नव्हती.

म्हणजे तेवढाही जोर तिच्या पायात उरला नव्हता. अंजिरांचे ढीग तर मंडईतही लागतात. ती मंडईपर्यंत जात असणार, घाटाला लागतो तेवढा वेळ गाडीत बसून काढत असणार, आणि घरी येऊन वाघ सांगत असणार. माझी सहा आठवड्यांची मेहनत वाया गेली नाही असं मला वाटावं म्हणून. आजारावर राग धरता येत होता. याचं काय करायचं ते मला कळेना. मी दोन दिवस तिची किल्ली खिशात घेऊन घरात फिरत राहिलो.

तिसऱ्या दिवशी शंका आली. जन्मभर मोजणाऱ्या माणसाने एक गोष्ट कधी मोजलीच नव्हती: घाटाला पेडल लागतं किती. मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा बसवला, अर्ध्याच्या पुढे पाय जाणार नाही असा, आणि कात्रजला निघालो.

घाटात दुसरा गिअर टाकावा लागला. मागे रांग लागली. एका वळणावर टेम्पोवाला शेजारी आला, माझ्याकडे बघून ओरडला, "काका, ढकलू का?" डोळे पुसायला एक हात लागत होता आणि स्टिअरिंगला दोन.

बोगद्यापाशी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. ती इथे येत होती की मंडईत बसत होती, हे त्या निळ्या रंगावरून सांगता येत नाही, आणि दुसऱ्या कशावरूनही नाही. एवढंच सांगता येतं की घाट मधल्या एकट्यावर चढतो. बाजूचे दोन कार्बोरेटर लागत नाहीत.