बसा ना, ताई

साडीच्या दुकानात वरचा खोका काढायला सेल्सवाली बाई टाचा उंचावून उभी राहिली, तेव्हा तिच्या पोटऱ्या दिसल्या. निळ्याजांभळ्या शिरा, गांडुळं फुगावीत तशा.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं ना. म्हणाले, सारखं उभं राहू नका, मधूनमधून बसा. पण मालकांना चालत नाही. बसलेली बाई दिसली की म्हणे गिऱ्हाईक मागे फिरतं."

गिऱ्हाईक म्हणजे मी! माझं नाव पुढे करून हा माणूस हिचे पाय नासवतोय आणि स्वतः गल्ल्यामागे गुबगुबीत खुर्चीत रेललाय. पायातलं रक्त वर ढकलायचं ते पोटरीनं, आणि पोटरी हलली तरच. पुतळ्यासारखं उभं केलं की ते तिथंच साचतं. साधं स्टूल दिलं असतं तरी पुष्कळ होतं. स्टुलं होतीही, पण आमच्यासाठी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं रक्त मात्र पोटरीतच अडकलेलं.

तेवढ्यात मालक मला गोड आवाजात म्हणाले, "ताई, उभ्या का? बसा ना!"

मी स्टूल तिच्याकडे सरकवलं. "यांनाच म्हणताय ना?"

मालकांना तो विनोद वाटला. ते खदखदून हसले. मग तीही हसली, उभ्यानंच.