थोरलीचा रुपया

अंगात येणं, करणी, भूत... असलं सांगणाऱ्याला मी तोंडावर थापाड्या म्हणायचो. आजही म्हणतो. तुम्ही मला खुशाल म्हणा, माझी बिलकुल हरकत नाही.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. जालना तेव्हा जिल्हाही नव्हता. मी तिथं हायस्कूलला मास्तर, आणि नाद एकच — गोव्यात पोर्तुगीजांच्या काळी चाललेले चांदीचे रुपये जमवायचे. त्यातला बाईचा चेहरा असलेला रुपया काही केल्या मिळेना. शेवटी टेंभुर्णीच्या एका सोनाराकडे दिसला... तोही गिऱ्हाइकाच्या गळ्यात!

"ही माझी सवत हाय," ती बाई म्हणाली. काशीबाई तिचं नाव. पहिली बायको वारली की दुसरीनं तिचा चांदीचा टाक गळ्यात बाळगायचा, ही आपल्याकडची रीत. यांनी नाण्यावर बाई बघून त्यालाच कडी डाकून घेतलेली! मला हसू आलं. शेजारीच तिचा नवरा होता, त्याला म्हटलं, नवाकोरा टाक करून देतो, हा मला द्या. तो लगेच कबूल; सोनारानं तिथल्या तिथं नवा टाक ठोकून दिला. काशीबाईनं स्वतःच्या हातानं काढून दिला.

"न्या सर. जल्दी न्या."

नाणं शाळेच्या कपाटात कुलपात ठेवलं. बायकोला, सुमनला, अवाक्षर बोललो नाही. नाण्यांवरून ती रोज भांडायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं एक ताट जास्तीचं वाढलं.

"कोण येतंय?"

"थोरलीचं हाय. तिचं झाल्याबिगर मी कशी खाऊ?"

माझं डोकं फिरलं. ताट उचलून अंगणात भिरकावलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की जन्माचा वैरीच मी! चार दिवस तिनं घास खाल्ला नाही. डॉक्टरला काही सापडेना. पाचव्या दिवशी ती भिंत धरून चालायला लागली, तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. ही जाते आता, एवढंच डोक्यात.

कपाटातलं नाणं काढलं नि टेंभुर्णी गाठली. काशीबाई दारातच आडवी उभी राहिली.

"वापस कामून आणून राह्यले? नव्या टाकात कोणीच न्हाई, सर. बारा वर्षांनी पोटभर जेवून राह्यले मी. जा!"

दार धाडकन लावलं.

घरी आलो तर सुमन उंबऱ्यात बसलेली. हात पुढं केला. "आणा."

माझ्या खिशात काय आहे हे हिला सांगितलं कुणी? तिनं रुपया काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला, जास्तीचं ताट वाढलं, थोडी थांबली... आणि मग जेवली. मी रडलो, लपवत नाही.

रुपया अजून तिच्या गळ्यात आहे. कारण मला आजवर सापडलेलं नाही, आणि मनाचे खेळ वगैरे समजावणारी पत्रं पाठवू नका, मी फाडून टाकीन. लग्न मी आयुष्यात एकदाच केलं. पण नवी शेजारीण आली की सुमन तिला सहज सांगते, "मला दुसरेपणावर दिली."