हाइलची थंडी आणि मोहियुद्दीनचा अंगठा

हवेचं मीटर म्हणजे ज्याला अंगठा नाही त्याची कुबडी, असं मोहियुद्दीन उलडे म्हणायचा, आणि म्हणताना समोर कोण आहे ते बघायचा नाही. श्रीवर्धनला बापाच्या दुकानात भाड्याच्या सायकलींत हवा मारता मारता त्याचा अंगठा तयार झालेला. चाक दाबलं की आत किती हवा आहे ते त्याला कळायचं. तोच अंगठा घेऊन तो जेद्दाला आला आणि अबू तुर्कीच्या सायकलींच्या दुकानात एकवीस वर्षं टिकला. अबू तुर्की त्याचा कफील, म्हणजे तिथे राहण्याची हमी घेणारा मालक. इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, हुद्दा सेल्समनचा, पण विक्रीच्या नावाने आनंदच. गिऱ्हाइकाने महागडी सायकल हातात घेतली की हा सांगणार, तुमच्या गुडघ्यांना ही नको. मालक कपाळावर हात मारून घ्यायचा, पण दुरुस्तीला त्याच्यासारखा माणूस अख्ख्या शहरात नव्हता.

सात वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या शर्यतीसाठी हाल्डर नावाची डच टीम पहिल्यांदा जेद्दात उतरली. हाल्डर ही रंगाची कंपनी. तिच्या पैशावर टीम चालायची, म्हणून टीमचं नावही तेच. आणि टीम तरी कसली? सात सायकलपटू, भाड्याच्या दोन खटारा गाड्या आणि साठीला टेकलेला कोर नावाचा मेकॅनिक. बाकीच्या टीमवाल्यांना त्यांच्याकडे बघून हसू यायचं. कोरचा जोडीदार ऐन वेळी आजारी पडला, म्हणून त्याने दुकानातून माणूस मागितला, आणि गेला मोहियुद्दीन. बघतो तर कोर हॉटेलच्या गारव्यात मीटर लावून टायर टणक भरत बसलेला.

"दुपारी रस्ता तापला की ही हवा फुगेल," मोहियुद्दीन म्हणाला, आणि कुणाला न विचारता त्याने प्रत्येक चाकातली थोडी थोडी सोडून दिली. कोर लालबुंद झाला. पण त्या दुपारी दुसऱ्या दोन टीमचे टायर फटाफट गेले आणि हाल्डरचा एकही गेला नाही. कोरने आपलं मीटर पेटीच्या तळाशी टाकलं आणि म्हणाला, "या देशातली हवा तुझी."

तिथून टीम चढत गेली. तिसऱ्या वर्षी त्यांनी ही शर्यत मारली, पाचव्या वर्षी युरोपातल्या बड्या शर्यतींत त्यांची नावं झळकायला लागली. कोर मोबाईलवर नव्या बसचे फोटो दाखवायचा, आत कपडे धुवायचं मशीनसुद्धा. मोहियुद्दीनची बायको खतीजा दरवर्षी डबाभर सांदणं पाठवायची. सायकलपटूंचं खाणं वजनकाट्यावर, तेव्हा नारळाच्या दुधातली ती गोड, मऊ सांदणं सगळी कोरच्याच वाट्याला यायची. खाता खाता तो विचारायचा, मेहेक कितवीत गेली? मेहेक म्हणजे मोहियुद्दीनची एकुलती एक लेक.

इकडे सौदीकरणाचा वरवंटा फिरतच होता. दुकानातल्या विक्रीच्या जागा सौदी माणसांनाच, असं फर्मान निघालं आणि गल्लीतले ओळखीचे चेहरे एकेक करून गावाला गेले. मोहियुद्दीन तेवढा राहिला, कारण दरवर्षी डच लोक नाव घेऊन त्यालाच मागायचे आणि अबू तुर्की तेवढ्यावर सरकारी कचेरीत त्याच्यासाठी भांडायचा. या वर्षी मेहेक जेद्दातल्याच भारतीय शाळेत बारावीला होती. इकामा फेब्रुवारीअखेर संपत होता आणि बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. मधेच गाशा गुंडाळावा लागला असता तर पोरीचं वर्ष बुडालं असतं. रात्रंदिवस त्याच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. मेहेक उलट त्यालाच सांगायची, "अब्बा, टेन्शन मत लो."

आणि नेमकं याच वर्षी शर्यतीचा शेवटचा दिवस ठेवला उत्तरेला, हाइलला. सगळ्या दिवसांच्या एकूण वेळेत हाल्डरचा म्होरक्या चौतीस सेकंदांनी पुढे होता. पहाटे मोहियुद्दीन चाकं घेऊन बाहेर आला तर दात वाजायला लागले. जन्म गेला श्रीवर्धनच्या दमट हवेत आणि जेद्दाच्या भट्टीत. थंडी म्हणजे काय ते या माणसाला ठाऊकच नव्हतं. बोटं बधिर झालेली. त्याने अंगठा दाबला, चाक दगडासारखं लागलं. गारठ्याने रबरच कडक होतं हे त्याला कोण सांगणार? हवा जास्त झाली असं समजून त्याने सवयीने थोडी सोडली. शेजारी कोरची पेटी होती, पेटीत मीटर होतं. त्याने पेटीकडे बघितलंही नाही.

शेवटाला बारा किलोमीटर असताना म्होरक्याचं पुढचं चाक रस्त्यातल्या खाचेत गेलं. हवा कमी, म्हणून ट्यूब रिमच्या कडेवर चिरडली. चाक बदलेपर्यंत बाकीचे निघून गेले आणि जिंकलेली शर्यत हातची गेली.

ते चाक मोहियुद्दीनने हातात घेतलं तेव्हा ऊन पडलं होतं आणि त्याची बोटं मोकळी झाली होती. त्याच सायकलचं मागचं चाक दाबलं तर ते मऊ लागलं, आणि त्याला सगळं कळलं. तेवढ्यात शर्यत बघायला हाइलला आलेला अबू तुर्की तणतणत आला. शर्यतीच्या कागदांवर त्याच्या दुकानाचं नाव होतं.

"हवा कुणी भरली? ज्याने भरली तो माझ्या दुकानात नको. इकामा संपला की खलास."

"मी भरली," कोर म्हणाला.

मोहियुद्दीनने तोंड उघडलं, पण कोरने त्याचा दंड धरून त्याला गाडीमागे नेलं.

"टीम संपली आहे," तो म्हणाला. "कंपनी विकली गेली. नव्या मालकाने जानेवारीतच कळवलंय, येत्या डिसेंबरनंतर हाल्डर नाही. आज जिंकलो असतो तरी बस विकायचीच होती. माझं नाव खराब झालं तरी आता काय बिघडणार आहे? तुझ्या पोरीची परीक्षा आहे."

आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या माथी आपली चूक मारून मोहियुद्दीन गप्प बसला, आणि ती चूक त्याला रोज टोचत राहिली. पुढच्या वर्षी नाव घेऊन मागणारं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा अबू तुर्कीने इकामा तीन महिन्यांपुरता वाढवून दिला, त्यापुढे नाही. मेहेक रोज पेपर देऊन यायची, चांगला गेला म्हणायची. खतीजाला त्याने सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पोरीचा शेवटचा पेपर होऊ द्या. मग मनात ठेवू नका."

पेपर संपले, सामान बांधून झालं, पासपोर्टवर कायमचं जाण्याचा शिक्का पडला. जायच्या दिवशी मोहियुद्दीन दुकानात गेला. काउंटरवर नवा सौदी विक्रेता बसला होता, मागे अबू तुर्की.

"हाइलला हवा मी भरली होती," मोहियुद्दीन म्हणाला. "कोर खोटं बोलला, माझ्यासाठी."

"सात वर्षांत त्या म्हाताऱ्याने इथे पंपाला हात लावलेला मी पाहिला नाही," अबू तुर्की म्हणाला. "मलाही मुली आहेत, मोहियुद्दीन. तू कधी येऊन सांगतोस तेवढंच बघत होतो."

मग त्याने आतून एक छोटी सायकल आणली. नातीची होती.

"विमानाला वेळ आहे ना? जाण्याआधी हिची हवा बघून दे."

मोहियुद्दीन खाली बसला. चाकावर अंगठा दाबला, पुन्हा दाबला. डोळे भरून आले होते, त्याने ते बाहीने पुसले. मग काउंटरकडे हात पसरून तो म्हणाला, "जरा ते मीटर द्या."