नवमीला लावलेला पट्टा

गाडी मी पन्नाशीत शिकले. सौंसरच्या शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवणारी बाई दोन्ही हातांनी स्टीअरिंग आवळून बाजारातून जाते, हे गावानं पोटभर हसून पाहिलं. सगळ्यात जास्त हसली ती पांढुर्ण्याची माझी मोठी बहीण. "तू येशीन गाडी घिऊन? मंग आमच्या गल्लीतले गायी-ढोरं आत बांधून ठेवा लागन," ती फोनवर म्हणायची. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला आईला शेजारी बसवून, स्वतः गाडी चालवत तिच्या दारात उतरायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

नवमीच्या सकाळी गाडी सुरू केली, तर बॉनेटखालून शेपटी दारात सापडलेल्या मांजरासारखा आवाज. तशीच मेकॅनिककडे नेली. तो माझा जुना विद्यार्थी, आता दोन पोरांचा बाप. गॅरेज धुऊन काढलेलं. पाने, पेचकस, जॅक सगळं पाटावर मांडून त्याला हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिलेली. खंडेनवमी होती. पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत आमच्याकडे कोणी उचलत नाही. मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्याच सकाळी मी घरी पाटावर कंपासपेटी मांडून आले होते.

त्यानं बॉनेट उघडून नुसता कान लावला. "मॅडम, इंजिनच्या पट्ट्याले चिरा गेल्या. आन हा टेन्शनर पाहा. हाच पट्टा ताणून धरते. याची बेरिंग वाजून राहिली. दोन्ही संगंच बदला लागते. टेन्शनर नागपूरहून येईन, परवा."

"पट्टा आहे का तुझ्याकडे? उद्या आईला घेऊन पांढुर्ण्याला जायचंय."

"पट्टा हाये. पण जुन्या टेन्शनरवर तो टिकनार नाही. आन आज हत्यारं पूजेत हायेत. आजीले बसनं घिऊन जा न."

बसगाड्या होत्या, दिवसभर होत्या. पण बसनं गेले असते तर बहिणीचंच खरं झालं असतं. मी म्हटलं, "तुला बेरीज-वजाबाकी मी शिकवली. माझ्यासाठी एक पाना उचलणार नाहीस?"

मग त्यानं हात धुतले, पाटाला नमस्कार केला आणि एका पान्यावरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं. टेन्शनर दाबून धरला, जुना पट्टा काढला, नवा एकेका पुलीवरून फिरवून बसवला. अर्ध्या तासाचं काम. "आल्याबरोबर टेन्शनर बदला, मॅडम," तो म्हणाला, तेव्हा मी गाडीत बसलेसुद्धा होते.

दुसऱ्या दिवशी मोहगाव मागे पडलं आणि पुढे फट् असा आवाज झाला. बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टीअरिंग दगडासारखं जड झालं, इंजिनाच्या गरमीचा काटा वर चढायला लागला. कशीबशी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडून पाहिलं तर टेन्शनरची पुली तिरकी झालेली आणि पट्टा कडेनं कुरतडल्यासारखा होऊन खाली लोंबत होता. आई दीड तास बाभळीच्या विरळ सावलीत करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली. शेवटी कापसाच्या एका टेम्पोनं आम्हाला पांढुर्ण्याला सोडलं. बहीण दारातच उभी होती. मला टेम्पोतून उतरताना पाहून ती पोट धरधरून हसली, आणि मग सगळ्यांदेखत तिनं विचारलं, काय झालं?

"मेकॅनिकनं पट्टा नीट बसवला नाही," मी म्हटलं.

एवढं एकच वाक्य. टेन्शनरचं नावसुद्धा काढलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

गाडी त्यानंच ओढून आणली, नागपूरहून टेन्शनर आल्यावर पट्टा आणि टेन्शनर दोन्ही नवे घातले. आम्ही सौंसरला परतल्यावर एका संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन दसऱ्याचं राहिलेलं सोनं द्यायला तो घरी आला. आई ओसरीवरच होती. तिनं त्याला सोडलं नाही. "काहून रे, कसा पट्टा लावला तुनं? दीड घंटा उन्हात बसली मी."

तो खाली पाहत म्हणाला, "चूक माझीच हाये, आजी. पूजेतलं हत्यार उचललं म्या. उचलाचं नव्हतं."

बोलायची जागा हीच होती. त्यानं दिलेलं सोनं माझ्या मुठीत होतं. त्यानं आधीच बजावलं होतं, हट्ट माझा होता, इतकंच सांगायचं होतं. मी म्हटलं, "चहा घेतोस ना?"

मला माझी लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण चहा टाकायला आत गेले. वर्षभर आई येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट सांगत राहिली आणि मी ऐकत राहिले. गाडी मात्र उत्तम चालली.

गेल्या नवमीला त्यानं मला गॅरेजच्या प्रसादाला बोलावलं. मी पोचले तर दारात लोधीखेड्याकडची एक गाडी बंद पडलेली. मागच्या सीटवर एक म्हातारबाबा. त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला न्यायचं होतं. त्यांचा मुलगा हात जोडून उभा. हत्यारं पाटावर.

"नाही, भाऊ," मेकॅनिक सांगत होता, "एकदा उचललं होतं म्या. माझ्यापायी एक म्हातारी माय रस्त्यावर बसून राहिली."

तेव्हा माझं तोंड उघडलं. सगळ्यांसमोर बोलले. "तुझी काही चूक नव्हती. टेन्शनर गेला होता. तू सांगितलं होतंस, मीच ऐकलं नाही. आणि नाव तुझं सांगितलं. पूजेचा काही संबंध नाही. याची गाडी बघ."

तो मान हलवून हसला. "टेन्शनर एका दिवसात नाही जात, मॅडम. हत्यार उचललं नसतं, त महिनाभर तरी ओढलं असतं त्यानं." आणि त्या मुलाकडे वळून म्हणाला, "पाहा, कशी हाये आमची मॅडम. माझा दोष आपल्या अंगावर घिऊन राहिली."

मी पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितकं त्याचे डोळे भरून येत गेले. त्यानं ऑटो बोलावला. दोघांनी धरून म्हातारबाबांना गाडीतून उतरवलं आणि बसस्टँडला पाठवलं. पाट तसाच राहिला.

मग त्यानं प्रसादाचा द्रोण माझ्या हातात दिला आणि वाकून पाया पडला. पाय मागे घ्यावेत, एवढंही मला सुचलं नाही.