हसलेली सुरई

पेंढामावशींनी भरलेल्या खोक्यात उभ्या आयुष्यात एकच अंडं फुटलं, आणि तेही त्यांची सत्तरी उलटून गेल्यावर. ही गोष्ट त्या अंड्याची. पण आधी मावशींची ओळख करून द्यायला हवी.

काचेच्या कारखान्यात त्या चौतीस वर्षं बांधणी खात्यात होत्या. कारखान्याच्या एका टोकाला भट्टी होती आणि दुसऱ्या टोकाला बांधणीची लांबट खोली. भट्टीवरचे पुरुष लोखंडी नळीतून फुंकून काच फुगवत, तिचे पेले, बरण्या, दिव्यांच्या चिमण्या करत. त्या सगळ्या नाजूक संसाराला पेंढ्यात गुंडाळून लाकडी खोक्यांत भरायचं काम बायकांचं. घरी जाताना मावशींच्या केसांत, बाह्यांत, चपलांत पेंढ्याच्या काड्या असत, म्हणून हे नाव पडलं. तेव्हा त्या जेमतेम सव्वीस वर्षांच्या होत्या. मावशी म्हणवून घ्यायचं त्यांचं वय नव्हतं, पण आवाज होता.

खात्यात नवीन बाई आली की मावशी तिला पहिल्याच दिवशी एक अंडं देत. हे खोक्यात भर, झाकणाला चार खिळे ठोक आणि माल चढवायच्या ओट्यावरून खाली ढकल, एवढंच सांगत. ओटा कमरेइतका उंच. खोका धाडकन फरशीवर येई, झाकण उघडलं की आत पिवळा चिखल. दुसऱ्या दिवशी दुसरं अंडं. असं करता करता एके दिवशी अंडं शाबूत निघे. ते त्या बाईने उकडून सगळ्यांसमोर खायचं आणि मग ती खात्यात कायम झाली असं समजायचं. साहेबांच्या सहीचा कागद पुढे केव्हा तरी येई, त्याला फारसं कोणी विचारत नसे.

अंडं फुटलं की मावशी रागवत नसत. खोक्याशेजारी उकिडव्या बसून समजावत.

“पडल्याने काही फुटत नाही गं. पडत असताना वस्तू मजेत असते. फुटते ती थांबल्यामुळे. एकदम थांबवलीस तर फुटणार, हळूहळू थांबवलीस तर नाही. पेंढा कशाला असतो मग? तिला थांबायला जरा वेळ मिळावा म्हणून.”

नव्या बायका सुरुवातीला खोका सैल भरत. मग आतली काच पळत जाऊन फळीवर आपटे. त्याबद्दल बोलणी बसली की दुसऱ्या दिवशी त्याच बायका पेंढा ठासून भरत, आणि मावशी डोक्याला हात लावत. ठासलेला पेंढा म्हणजे लाकूडच, त्याला दबायला जागा कुठे उरते? खोका हलवला तर आवाज येऊ नये, पण तळहाताने पेंढा दाबला तर तो थोडा आत जावा आणि हात उचलताच वर यावा. झोपलेल्या माणसाला हळूच सरकवलं की तो कुरकुर न करता कूस बदलतो, तसा.

पेले कधी आडवे ठेवायचे नाहीत, उभेच ठेवायचे, हेही त्या अंड्यावरच शिकवत. हमालांमध्ये एक पहिलवान होता. त्याला त्यांनी एकदा अंड्याची दोन टोकं दोन तळव्यांत धरून दाबायला लावलं. गडी लालबुंद झाला, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, पण अंडं काही फुटेना. मग मावशींनी तेच अंडं आडवं धरून वाटीच्या काठावर हलकेच टेकवलं आणि चहाच्या वेळेला त्याचं आम्लेट केलं. पहिलवान पुढे महिनाभर बांधणीच्या खोलीकडे फिरकला नाही.

मावशींचा नवरा भट्टीवर फुंकणीवाला होता. सगळा कारखाना त्याला काका म्हणे. अंगाने काडी, पण गाल असे की नळी तोंडाला लावली की चेहऱ्यावर दोन चेंडू उगवत. दोघांची ओळख भांडणातून झाली. मावशी तीन फुटके पेले घेऊन तरातरा भट्टीवर गेल्या आणि तळ विटेसारखा, कड कागदासारखी, असला माल आम्ही बांधायचा तरी कसा, असं सर्वांसमोर विचारून आल्या. दुसऱ्या दिवशी काका पेला दाखवायला स्वतः आले. तिसऱ्या दिवशीही आले. पुढे दोन महिने ते एकेक पेला घेऊन येतच राहिले, तेव्हा खात्यातल्या बायकांनीच मावशींना सांगितलं की आता एकदाचं पास कर त्याला.

भट्टी बंद व्हायची ठरली तेव्हा दोघंही निवृत्तीला टेकली होती. शेवटच्या दिवशी उरलेल्या काचेतून प्रत्येक फुंकणीवाल्याने स्वतःसाठी एकेक वस्तू करावी, अशी मुभा मिळाली. काकांनी सुरई करायला घेतली. लांब मान, गोल पोट. पोट छान फुगत आलं होतं आणि मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. तेवढ्यात त्या पहिलवानाने विचारलं, “काका, ह्यात पाणी भरणार का मावशींची बोलणी? बोलण्यांना पुरणार नाही ही.”

काका नळीत हसले. तो हसण्याचा झोत सुरईच्या पोटात गेला आणि एका बाजूला फुगवटा आला. तिथली काच ताणून पातळ झाली, समोरची जाडच राहिली. नवी करायला भट्टीत काच उरली नव्हती. म्हणून तीच सुरई घरी आली आणि फळीवर बसली, जाड बाजूला किंचित कललेली, जणू कोणाचं तरी बोलणं ऐकत असावी तशी.

तिच्या जाड बाजूला टिचकी मारली की खालचा, भारदस्त सूर येई. पातळ बाजूला मारली की वरचा, लांबत जाणारा. काका बाहेरून घरी आले की चपला काढायच्या आधी दोन टिचक्या मारत, एक इकडे, एक तिकडे. म्हणजे मी आलो. मावशी आतून म्हणत, ऐकलं, पाय पुसा.

काका जाऊन अकरा वर्षं झाली. सुरई फळीवरच होती. मावशी दर आठवड्याला ती पुसत, पण टिचकी कधी मारत नसत.

गेल्या वर्षापासून त्यांचे हात थरथरू लागले. आधी चहाच्या बशीत चहा सांडायला लागला, मग सुईत दोरा जाईना. आणि एका सकाळी पुसता पुसता सुरई हातातून सुटली. मावशींनी ती छातीशी कशीबशी अडवली आणि तशाच जमिनीवर बसल्या, किती तरी वेळ. उठल्यावर त्यांनी मुलीला फोन केला.

मुलगी लांबच्या शहरात राहायची, लॉरीने दोन दिवसांच्या वाटेवर. ती बाबांची सुरई कितीतरी वर्षं मागत होती आणि मावशी मी मेल्यावर घे म्हणून विषय तोडत होत्या. आता त्या स्वतःहून ने म्हणाल्या तेव्हा मुलगी आधी घाबरलीच. मग म्हणाली, मीच येते आणि गाडीत मांडीवर घेऊन बसते.

“मांडीवर?” मावशी म्हणाल्या. “ब्रेक लागला की गाडी थांबते. तू थांबतेस का? तू जातेस पुढे, आणि मांडीवरची सुरई तुझ्याही पुढे. काही येऊ नकोस. मी बांधून पाठवते.”

दोन गल्ल्या पलीकडे पार्सलचं ऑफिस होतं. ते चालवणारी बाई मूळची बांधणी खात्यातली, मावशींच्याच हाताखाली शिकलेली. डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारख्या काचा, म्हणून तिला सगळे चष्मेवाली म्हणत. लॉरी दुपारी बाराला सुटते, सकाळी मी हातगाडी घेऊन येते, असं तिने कळवलं.

आदला सगळा दिवस मावशी खोका भरत होत्या. तळाशी पेंढ्याची गादी केली, सुरई उभी ठेवली, भोवती पेंढा. मग वाटलं, पातळ बाजूला आणखी थोडा हवा. तिकडे घातला तर समोरची बाजू उघडी वाटली, तिथेही घातला. मानेशी घातला. परत पातळ बाजूला. हात थांबायला तयार नव्हते. दिवेलागणीला त्यांनी झाकण नुसतं वर ठेवलं आणि पाठीला हात लावून उठल्या.

सकाळी चष्मेवाली आली, चहा प्याली, मग खोक्यापाशी गेली. सवयीने झाकण बाजूला करून तिने पेंढ्यावर तळहात ठेवला आणि दाबला. पुन्हा एकदा दाबला. चष्मा काढून पुसला.

“मावशी, हा कोणी भरला?”

“कोणी म्हणजे? मी.”

चष्मेवालीने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग तिने हात पुढे केला.

“मला एक अंडं द्या.”

मावशींचा चेहरा तापला. त्यांनी तिला बरंच सुनावलं. खात्यात आली तेव्हा तुला पेंढा कुठला आणि गवत कुठलं हे कळत नव्हतं, कायम व्हायला सात अंडी लागली होती, अख्ख्या कारखान्यात एवढी कोणाला लागली नाहीत, हेही त्यात आलं. चष्मेवाली खाली बघून हो, सात लागली म्हणाली, पण हात काही मागे घेतला नाही. शेवटी मावशी स्वयंपाकघरात गेल्या आणि अंडं घेऊन आल्या.

सुरई बाहेर काढणं सोपं गेलं नाही. पेंढा इतका गच्च बसला होता की मुळं उपटावीत तसा बोटांनी उकरावा लागला. सुरई बिछान्यावर ठेवली. तिच्या जागी पाण्याने भरलेली बाटली उभी केली आणि जिकडे पातळ बाजू होती तिकडे बाटलीला टेकून अंडं ठेवलं. मावशींनी पेंढा भरला, होता तेवढाच, होता तसाच. एक काडी कमी नाही. मग झाकण ठोकून दोघींनी खोका दाराबाहेर नेला आणि तीन पायऱ्यांवरून खाली ढकलला.

आवाज कोरडा आला, दगड पडल्यासारखा. तो ऐकूनच मावशींना कळलं होतं. तरी त्यांनी झाकण स्वतःच्या हाताने उघडलं. पेंढ्यातून पिवळं ओघळत होतं.

त्या पायरीवर बसल्या. समोरच्या घरातली बाई काय झालं म्हणून खिडकीत आली आणि परत आत गेली.

“तुझी सात,” मावशी म्हणाल्या, “आणि माझं एक.”

“तुमचं एकही नव्हतं, मावशी.”

“आता आहे.” त्यांनी मांडीवरचे थरथरते हात एकमेकांत गुंतवले. “मी घालत गेले गं. मला वाटत राहिलं, अजून थोडा, अजून थोडा.”

चष्मेवालीने ओला पेंढा वेगळा काढला आणि किती वाजले ते पाहिलं. दहा वाजून गेले होते. ती म्हणाली, सांगा, कसा भरू. मावशींनी तिच्याकडे पाहिलं आणि तिच्याच शेजारी जमिनीवर सरकून बसल्या.

“हात तुझे, डोळे माझे,” त्या म्हणाल्या. “नाहीतरी तुझ्या डोळ्यांचा काही उपयोग नाही.”

मग तासभर फक्त मावशींचा आवाज चालू होता. कमी. अजून कमी. कुस्कर तो, सरळ काड्या नकोत, सरळ काडी दबत नाही, मोडते. तिथे पुरे. पुरे म्हटलं ना. दुसरं अंडं त्याच पायऱ्यांवरून खाली गेलं तेव्हा खोक्याने जाड चादर पडल्यासारखा आवाज केला, आणि अंडं जसं ठेवलं होतं तसं निघालं. चष्मेवालीने ते मावशींच्या हातात दिलं. नियम म्हणजे नियम, संध्याकाळी उकडून खा, म्हणाली, कायम झालात.

नंतर सुरईची पाळी आली. ती आत बसल्यावर उघडा खोका हातगाडीवर ठेवून त्यांनी गल्लीतल्या ओबडधोबड दगडांवरून दोनदा फिरवला, कारखान्याच्या आवारात फिरवत तसा. गचक्यांनी पेंढा दोन बोटं खाली बसला, तेवढाच वरून घातला, आणि मग खिळे ठोकले. चारी बाजूंना मावशींनी खडूने वर जाणारा बाण काढला. हात हलत असल्यामुळे बाण नागमोडी आले, पण दिशा वरचीच होती.

लॉरीपाशीही त्या गेल्या. चालकाने खोका मागे टाकायला उचलला होता. मावशींनी त्याला मागच्या चाकावर नको, मध्ये ठेव, मागे गचके जास्त बसतात, असं सांगितलं. आत काय आहे, त्याने विचारलं. सुरई, मावशी म्हणाल्या. बारा वाजून पाच मिनिटांनी लॉरी वळणाआड गेली.

संध्याकाळी त्यांनी अंडं उकडून खाल्लं. पुढचे दोन दिवस त्या फळीकडे पाठ करून बसत होत्या. फळीवर सुरईच्या तळाएवढं वर्तुळ उरलं होतं. भोवतालचं लाकूड काळवंडलेलं, वर्तुळ मात्र नव्या लाकडाच्या रंगाचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

“आई, आली. आत्ताच खोका उघडला. एकदम छान आहे, कुठे काही...”

“बोलू नकोस. टेबलावर ठेव आणि टिचकी मार.” काचेतला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो, हे मावशींना चौतीस वर्षांच्या कामातून माहीत होतं. तडकलेली काच बद्द वाजते, मडक्यासारखी. “आधी जाड बाजूला.”

फोनमधून खालचा सूर आला, भारदस्त.

“आता दुसरीकडे. फुगवटा आहे तिथे. हळू.”

मावशींनी दोन्ही हातांनी फोन कानाशी दाबून धरला. मग तो वरचा सूर निघाला, बारीक, स्वच्छ, आणि लांबत लांबत गेला. इतका की तो संपला कुठे ते त्यांना नीट कळलं नाही.

“ऐकू आलं का?” मुलीने विचारलं. “आई? नीट आहे ना?”

“ऐकलं,” मावशी म्हणाल्या. “दोन्ही बाजूंना पुन्हा एकदा वाजव. लागोपाठ. एक इकडे, एक तिकडे.”