तानबाच्या तळहाताखालचा रेडिओ

माह्या मोठ्या भावाले, तानबाले, कापडगिरणीनं बहिरा केला. लूमखात्यात शेकडो माग एका वक्ती चालत. बोललेलं कोणालेच ऐकू येत नसे, म्हणून सगळे हातानंच बोलत. साहेब आला, धागा तुटला, पाणी दे, साऱ्याच्या खुणा होत्या. घरीही तानबा तसाच. दोन बोटं दाखवली की मंदावहिनी चहा मांडे. एवढं असून तोंडानं बोलाले लागला तं असा ओरडे की शेजारचं लेकरू झोपेतून उठे.

मंग एक दिवस पुंडलिकराव जॉबरनं, म्हणजे मागांवरच्या मुकादमानं, मेन स्विच खाली पाडला. गिरणी बंद. वरून हुकूमच तसा होता. तानबाले कानानं काहीच कळलं नाई. पायाखालची फरशी थरथराची थांबली, तवा कळलं. "पाय मेल्यावानी झाले वं कांते," असं तो मले किती वर्षं सांगे.

त्याचा पोट्टा निकेश. लहानपणी बापाचा डबा घेऊन लूमखात्याच्या दारात उभा राहे. मोठा झाला तं गिटार आणली, अन् अल्लीपूरच्या अश्विनसंग असं काही वाजवे, माय वो! कुत्रे पळत. वरून नरड्याच्या शिरा फुगवून किंचाळणं. ब्लॅक मेटल म्हणतात म्हणे त्याले. वस्तीतले लोक भांडाले आले, तवापासून दोघं अश्विनच्या शेतातल्या बैलांच्या कोठ्यात वाजवत.

"गायनपार्टीत जाऊन बस नं रे," मी म्हटलं. "पेटी-ढोलकी हाये, चार लोक ऐकतात."

"आत्या, तसं वाजवणारे लय हायेत," तो म्हणे. "बाबाले ऐकू येईल असं कोण वाजवते?"

ह्या येड्या बह्याडाच्या डोक्यात हे होतं तं!

दोन हजार आठमधी तानबाच्या छातीनं हात टेकले. इतक्या वर्षांचा कापूस आत बसला होता. डॉक्टरनं घरी न्या सांगतलं, म्हणजे काय ते आमी समजलो. त्याच दिवसांत गावातल्या कॉलेजनं गावापुरतं रेडिओ केंद्र सुरू केलं होतं. गुंजन नावाची पोरगी रविवारी दुपारी गावातल्या वाजवणाऱ्यांले बोलावे. ते तिथं वाजवत, तसंच्या तसं घराघरात ऐकू ये. निकेश तिच्या मागंच लागला. बापानं एकदा तरी आपल्याले ऐकावं, एवढंच त्याले पाहिजे होतं, अन् वेळ थोडा होता.

त्यानं मोठा स्पीकर लाकडी खोक्यात बसवून रेडिओले जोडला अन् खोकं बापाच्या खाटेवर ठेवलं. जातानी त्या ब्लॅक मेटलवाल्यांवानी तोंडाले राख अन् काजळ फासलं.

"अबे, रेडिओवर तुह्यं थोबाड कोण पाहून राह्यलं?" मी म्हटलं. तो हासला अन् गेला.

वहिनीनं तानबाचे दोन्ही हात खोक्यावर ठेवले. सुरू झालं तं मीच कानात बोटं घातले. पण तानबाचं तोंड पाहाले पाहिजे होतं! मान हलाले लागली. पाय चादरीखाली ताल धरून राह्यले. उजवा हात उचलून त्यानं खूण केली, धागा तुटला. अन् ओरडला, "कांते, माग चालू हायेत! पोट्टा माग चालवून राह्यला!" मी रडली, लपवाले कायले पाहिजे?

अन् खोकं एकदम थंड पडलं.

झालं होतं असं, की कॉलेजनं रेडिओची मशीन सांभाळाले जुना माणूस म्हणून पुंडलिकरावलेच ठेवलं होतं. बाजूच्या खोलीतून ते ऐकून त्याले वाटलं, मशीन जळून राह्यली. मशीन ओरडली की आधी बंद, मंग चौकशी, हे गिरणीचं शिक्षण. त्याचा हात आपोआप मेन स्विचवर गेला. गुंजननं धावत येऊन पुन्हा सुरू केलं. वहिनीनं तानबाचा हात धरून पुन्हा खोक्यावर ठेवला, पण त्यानं तो काढून घेतला अन् भिंतीकडं तोंड केलं. खोकं तिथंच थरथरत होतं.

कार्यक्रम संपला तसा निकेश पळत आला. काजळ गळ्यापर्यंत वाहून आलं होतं. तानबानं त्याले पाह्यलं, उठून बसला अन् आपल्या गमच्यानं त्याचं तोंड पुसू लागला.

"तुले बी कामावरून काढलं काय रे?"

निकेशनं मान हलवली, हात हलवले, खोक्याकडं दाखवलं. पण गिरणीत 'पुन्हा चालू झालं' अशी खूणच नव्हती. "राहू दे," तानबा म्हणे, "मलेही काढलं होतं."

मंगळवारी तो गेला. मयतीले पुंडलिकराव आला. त्याले चार शब्द सुनवाचे म्हणून मी उठली. तं त्यानं दुरूनच, लूमखात्यात करत तशी, हातानं खूण केली. ती मले समजली नाई. वहिनीले समजली: 'चुकलं माह्यं.' तिनं त्याले बसाले जागा दिली.