पाणी मापलंय, असं मी म्हणालो

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, शिरोळकडच्या गावात दिली. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून नव्वदच्या दशकात तिच्या सासरच्या रानात मीठ फुटलं. विहीरही सवळ, खारट झाली; त्या पाण्याचा चहा केला तर फाटायचा. परसातली तिची वांगी, दोडके गेले. त्या गावात भाजी विकत आणणाऱ्या बाईला ‘हिच्या हाताला काय येत न्हाय’ म्हणत. आक्काला ते लागायचं.

मी कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवायचो. कोरड्या मुलखात मातीशिवाय, खारट पाण्यावरही भाजी काढतात, असं कुठंतरी वाचलं आणि दोन हजारच्या आसपास एका दिवाळीच्या सुट्टीत तिच्या परसात मांडामांड केली. जाड प्लास्टिकचे पाइप, त्यांना भोकं, भोकांत नारळाच्या काथ्याचा भुसा. खाली टाकी. तिच्यातलं खत घातलेलं पाणी छोट्या पंपानं मुळांपाशी फिरत राहायचं. विहिरीच्या दोन घागरींना नळाची एक घागर. पालक आणि बीट लावलं, कारण ही झाडं मीठ सोसतात.

दाजी म्हैस बांधता बांधता म्हणाले, “मास्तर, मातीबिगर शेती काढलीसा. आता भाकरीबिगर जेवण काढा की.”

“आदी म्हशीबिगर दूध काढाय सांगा त्यास्नी,” आक्का म्हणाली, “माजं शेण भरायचं तरी वाचंल.”

पालक आला, आणि असा आला की गल्लीतल्या बायका बघायला येऊ लागल्या. आक्का एकेकीच्या ओटीत जुडी घालायची. “माज्या हातचा हाय,” एवढंच म्हणायची.

झाडं पाणी पितात, मीठ मागंच ठेवतात. म्हणून आठवड्याला टाकी उपसून नवं पाणी भरायचं. मीठ मापायला मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं मीटर आणायचो. आक्का बोट बुडवून जिभेला लावायची, आमटी चाखावी तशी. “पाणी जड झालंय रं,” म्हणायची, आणि मीटरही तेच सांगायचं. मला त्याचं फार कौतुक वाटे.

चैत्रात मी आमच्या मुख्याध्यापकांना आणि चार शिक्षकांना हे दाखवायला बोलावलं. तीन दिवस आधी मी गेलो, तेव्हा आक्का म्हणाली, “आजच पाणी बदलूया. जिभेला टोचतंय.”

ऊन वाढलं होतं, टाकी भराभर आटत होती. पण नव्या पाण्यानं झाडं दोन दिवस मरगळतील अशी मला भीती वाटली. पाहुण्यांसमोर ती टवटवीत दिसायला हवी होती. मीटर शाळेच्या कपाटात होतं. तरी मी म्हणालो, “मी मापलंय. ठीक आहे. पाहुणे येऊन गेले की बदलू.”

“बरं बाबा. तू शिकलेला हाईस.”

पाहुणे आले त्या सकाळी सगळी पानं कडेनं करपून पाइपांवर आडवी पडली होती. मुख्याध्यापकांनी विचारलं, “हे काय झालं हो?” आणि मी, आक्का चहाचं ताट घेऊन समोर उभी असताना, म्हणालो, “खत जास्त पडलं. हिचा अंदाज चुकला.”

तिनं सगळ्यांना चहा दिला. पाहुणे गेल्यावर म्हणाली, “माजाच हात वाईट बग.” तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी पाइप गोळा करत राहिलो.

पुढं तिनं काही लावलंच नाही. वृंदावनातली तुळस वाळली तर नवी शेजारणीकडून लावून घेतली. घरात सून आली तेव्हा भुईमुगाचं बी तिच्या हातात दिलं. दर वेळी तेच, “माज्या हातानं नगं.” दर वेळी मी तिथं असलो की चप्पल शोधायचो.

गेल्या वर्षी तिनं तेलाच्या डब्यात बाहेरगावची माती भरून कढीलिंबाचं रोप माझ्यापुढं केलं. “तू लाव.” मी ते हातात घेतलं, पण लाववेना. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मीटर आणलं नव्हतं, तू बरोबर सांगत होतीस, मी खोटं बोललो.

तिला कळायला वेळ लागला. मग म्हणाली, “तुळस सुदिक लावली न्हाय रं मी.”

बाजेवरून दाजी म्हणाले, “अगं, ल्हान भाऊ हाय...”

“तुमी गप बसा. ल्हान हुता तवा खरं बोलायचा.”

तिनं माझ्या हातून रोप ओढून घेतलं, खाली बसून स्वतः लावलं, दोन्ही अंगठ्यांनी माती दाबली. मला जेवायला वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही.

आता दर रविवारी फोन करतो. म्हशीचं, गुडघ्याचं, सुनेचं सगळं सांगते. रोपाचं सांगत नाही, आणि मला विचारवत नाही. परवा दाजींना हळूच विचारलं, तर पलीकडून फोन तिनंच ओढून घेतला आणि म्हणाली, “तुज्या डोळ्यानं बगाय ये की. का ह्येबी न बगताच सांगणार हाईस?”

शनिवारच्या एसटीनं निघतोय.